पस्तीस किलोंचा हिशेब

भिलाईत रेशनकार्डाच्या टेबलावर पगाराचा आकडा कुणी विचारत नाही. शेजारच्या मावशींबरोबर मी नगर निगमच्या झोन कार्यालयात गेले, तर बाबूचा पहिला प्रश्न होता, "दाई, घर में कोई इनकम टैक्स भरता है?"

मावशी मूळच्या गोंदियाच्या. "टॅक्स नाही भरत जी, माहा पोरगा रिटर्न भरते." पोरगा ठेकेदाराकडे गाडी चालवतो. बिलातून टीडीएस कापला जातो आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं. बाबूला हा फरक ठाऊक होता, हे मावशींचं नशीब. रांगेतल्या कितीतरी जणांना वाटतं, रिटर्न भरलं की कार्ड गेलं.

छत्तीसगढने अन्नसुरक्षेचा कायदा केंद्राच्या एक वर्ष आधी, 2012 मध्ये केला. त्यात उत्पन्नाची रेघ नाही. आयकर भरणारे, अनुसूचित क्षेत्राबाहेर 4 हेक्टर ओलीत किंवा 8 हेक्टर कोरडवाहू जमिनीच्या वर असलेले, शहरात 1000 चौरस फुटांहून मोठ्या, मालमत्ता कर लागणाऱ्या पक्क्या घराचे मालक, एवढे वगळायचे. उरलेल्यांपैकी भूमिहीन मजूर, लहान शेतकरी, नोंदणी झालेले असंघटित आणि बांधकाम कामगार 'प्राथमिकता' कार्डात येतात. म्हणून इथे तहसीलच्या दाखल्यापेक्षा श्रम विभागाचं कार्ड जपून ठेवतात. 2019 पासून बाकीच्यांनाही सामान्य कार्डावर 10 रुपये किलोने तांदूळ मिळू लागला.

महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी शहरी मर्यादा वर्षाला 59,000 रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. किमान वेतन मिळवणारा एकटा कमावता माणूसही त्यात बसत नाही. मग दाखल्यावर उत्पन्न बसवून घ्यायचं, आणि ते बसवलेलं आहे हे देणाऱ्यालाही माहीत असतं. भिलाईची अट निदान जगाबरोबर हलते. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही, तशी इथली आयकराची चाळणीही आपसूक सैल झाली. कायद्यातलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. कारखान्यातल्या कायम कामगाराला त्यामुळे लगेच प्राथमिकता मिळते असं मात्र नाही. वरच्यापैकी एखाद्या गटात बसावं लागतंच.

मावशींचं घोडं शेवटी अडलं ते माणसं मोजताना. एका माणसाला 10 किलो, दोघांना 20, तीन ते पाच जणांना 35. मावशी, मुलगा आणि सून मिळून तीन. घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईच्याच नावाने कार्ड निघतं, तेव्हा मुखिया मावशीच. बाबूने सुनेचा आधार क्रमांक टाकला आणि स्क्रीन मावशींकडे वळवली. नाव अजून माहेरच्या, आमगावच्या कार्डावर होतं. तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे ते चढणार नव्हतं. माहेरी त्या नावावर महिन्याला 5 किलो येतात. इथे त्याच नावाने 15 वाढतात. माहेरच्यांना त्या पाच किलोंचं काही वाटणार नाही, पण आमगावला खेटे घालायला पोराची रोजी बुडणार होती.

"सून पोटुशी हाय. नातू आला का मंग किती?" मावशींनी विचारलं.

"तीन से पाँच तक पैंतीस ही, दाई," बाबू म्हणाला आणि अर्जावर 'अपूर्ण' लिहून पुढच्याला हाक मारली.