चिरेचे सॉकेट

हत्यारांच्या दुकानात एका बाजूने उभे चिरलेले सॉकेट प्रथमच पाहणाऱ्यास तो माल सदोष वाटला तर नवल नाही. वस्तुतः ती चीर हेच त्याचे प्रयोजन होय. मोटारीच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या डोक्यातून वायर बाहेर येते आणि साध्या सॉकेटाच्या तोंडातून तिचे टोकाचे जोडणीचे खोके जात नाही. म्हणून वायरीला चिरेतून वाट करून दिलेली आहे.

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारींत प्रथम आला. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर तो दुचाकींतही सर्रास दिसू लागला. मोटारीच्या सेन्सरचे षट्कोनी डोके बहुधा २२ मिलिमीटरचे, आटे १८ मिलिमीटरचे. दुचाकीचा सेन्सर सहसा याहून लहान, त्यास हे सॉकेट चालत नाही. गिऱ्हाइकास गाडी कोणती, हे आधी विचारावे.

नळी तापते, निवते, पावसाळ्यात भिजते. वर्षानुवर्षे असे झाले की आटे गंजून जणू एकजीव होतात. येथेच चिरेच्या सॉकेटाचे उणे उघडे पडते. अतिशय जोर लावला की चीर फाकते, सॉकेट डोक्यावरून घसरते आणि कोपरे झिजून जातात. स्वस्त, पातळ भिंतीचे सॉकेट तर लवकरच हार खाते. मग आटे नळीसह उखडले, तर गाडीवाल्याच्या माथी सेन्सरखेरीज नळीचाही खर्च बसतो, आणि बोल मिस्त्रीबरोबर दुकानदारासही लागतो!

यास्तव जाणता विक्रेता एक गोष्ट अवश्य सांगतो. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल, तर वायर कापून टाकावी आणि सहा कोनांचे, खोल, अखंड सॉकेट लावावे. त्याची पकड कितीतरी भक्कम असते. चिरेचे सॉकेट राखावे ते सेन्सर शाबूत काढण्यासाठी व नवा बसविण्यासाठी. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडविणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी ते पुसून, इंजिन थोडा वेळ चालवून नळी कोमट असतानाच जोर लावावा, हातमोजे घालून.

सेन्सर निघाल्यावर नळीतील आटे १८ मिलिमीटरच्या टॅपने साफ करून घ्यावेत. नव्या सेन्सरच्या आट्यांना पुष्कळदा कारखान्यातच लेप लावलेला असतो. नसल्यास उष्णता सोसणारा लेप अगदी पातळ लावावा, मात्र तो टोकाच्या छिद्रांना लागू देऊ नये.