मागाच्या कारखान्यात जन्मलेली मोटार

आखाती देशांत नोकरी करून परतलेल्या कोकणातल्या मंडळींना टोयोटा या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. सौदी, कुवेत, दुबई येथे ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांनी ही गाडी आपल्या रस्त्यांवर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी पाहिली, चालवली आणि काहींनी दुरुस्तही केली. सौदी अरेबियात अब्दुल लतीफ जमील यांनी १९५५ साली टोयोटाची एजन्सी घेतली, तेव्हापासून तिथल्या वाळवंटात या कंपनीच्या लँडक्रूझरने असा जम बसवला की पुढच्या पिढ्यांना दुसरे नाव चटकन आठवेना.

परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या आमच्या कारखानदार बंधूंपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की ही मोटार मुळात मागाच्या कारखान्यात जन्मली. तिच्या इतिहासात कापडाच्या धंद्याला उपयोगी पडेल असा एक धडा आहे. म्हणून व्यापाराच्या या पानावर आज आम्ही तो मांडत आहोत.

सुताराचा मुलगा

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ साली जपानमधल्या एका खेड्यात, गरीब सुताराच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच. गावात घरोघरी बायका हातमागावर कापड विणत. त्यांची दिवसभराची मेहनत आणि हाती पडणारे थोडेसे कापड पाहून या मुलाच्या डोक्यात माग सुधारण्याचा ध्यास शिरला. १८९० साली टोकियोत मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा तो रोज जाऊन तिथली यंत्रे न्याहाळत बसे. पुढच्याच वर्षी त्याला आपल्या लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. हा माग एका हाताने चालत असे आणि जुन्या मागापेक्षा सुमारे दीडपट कापड देत असे.

त्यानंतर साकिची यांनी वाफेच्या शक्तीवर चालणारा माग केला, कंपन्या काढल्या, भागीदारांशी मतभेद होऊन त्यांतून बाहेरही पडले. १९१० साली ते अमेरिका आणि युरोपच्या प्रवासाला गेले. तिथे रस्त्यांवर मोटारी धावताना पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. मात्र स्वतः ते मागालाच चिकटून राहिले. १९२४ साली त्यांचा ‘जी’ नमुन्याचा स्वयंचलित माग तयार झाला. १९२६ साली त्याच्या उत्पादनासाठी टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स ही कंपनी निघाली.

या मागाचे वैशिष्ट्य आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई. उभा धागा तुटला की मात्र माग आपोआप थांबे. साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष नसले तर माग खडखडत चालूच राहतो आणि कापडात लांबलचक रेघ पडत जाते. तागा घडी करताना ती दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. माल सेकंडमध्ये जातो, सूत वाया, वीज वाया, मजुरी वाया. साकिची यांच्या मागाने हे नुकसान तुटलेल्या धाग्याजवळच रोखले. मागावर डोळा ठेवून उभे राहण्याची गरज उरली नाही, त्यामुळे एकच कामगार तीसेक माग सांभाळू लागला.

शिष्याने उस्तादाला विकले

त्या काळी कापड यंत्रांच्या दुनियेत इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचा दबदबा होता. मुंबईच्या गिरण्यांत त्यांची यंत्रे, जपानच्या गिरण्यांतही त्यांचीच यंत्रे. १९२९ साली याच प्लॅट ब्रदर्सने साकिची यांच्या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला आणि किंमत ठरली एक लाख पौंड. जपानने जिथून हुन्नर शिकला, तिथेच त्याने आपला हुन्नर विकला. जगभरच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा हा सौदा आहे.

करारासाठी इंग्लंडला गेले होते साकिची यांचे पुत्र किइचिरो. ते टोकियोच्या विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर होते. त्यांच्या मनात मोटार घोळत होती. जपानी बाजारपेठ तेव्हा अमेरिकनांच्या हाती होती. फोर्डने १९२५ साली योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाकात सुटे भाग जोडून गाड्या बनवण्याचे कारखाने उघडले होते. अशा बलाढ्य कंपन्यांसमोर एका माग बनवणाऱ्याने मोटार काढावी, हे पुष्कळांना वेडेपणाचे वाटले. १९३० साली साकिची यांचे निधन झाले. मुलाने मात्र माग-कारखान्याच्या आवारात लहान इंजिनावर प्रयोग सुरू केले. १९३३ साली तिथे मोटार विभाग उघडला, १९३५ साली जी-१ हा ट्रक आणि १९३६ साली एए ही पहिली मोटार बाजारात आली.

हे पहिले ट्रक फार बिघडत. विक्रीचे काम पाहणारे शोतारो कामिया हे जनरल मोटर्सची नोकरी सोडून आलेले होते. त्यांनी आणि किइचिरो यांनी ठरवले की जिथे ट्रक बंद पडेल तिथे आपली माणसे जातील आणि दुरुस्त करून देतील. कोणता भाग का तुटला याची नोंद होई आणि तो भाग कारखान्यात सुधारला जाई. गिऱ्हाइकाची तक्रार हाच त्यांचा मदरसा झाला.

१९३६ साली कंपनीने नव्या चिन्हासाठी लोकांकडून नमुने मागवले. त्यातून टोयोडाचे ‘टोयोटा’ झाले. जपानी लिपीत हे नाव आठ रेघांत लिहिले जाते आणि आठ हा आकडा तिथे भरभराटीचा मानतात. १९३७ साली टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

उधारीने बुडता बुडता

युद्धानंतरचा काळ कठीण होता. १९४९ साली जपान सरकारने पैशाचा पुरवठा आवळला आणि बाजार बसला. टोयोटाने ट्रक हप्त्यांवर विकलेले, हप्ते वसूल होईनात, नवा माल उठेना. उधारीत रक्कम अडकली की पगाराच्या दिवशी काय होते, हे आमच्या पेढीवाल्यांना ठाऊक आहे. बँकांनी मिळून कर्ज दिले, परंतु विक्रीची कंपनी वेगळी करा आणि जेवढे विकेल तेवढेच बनवा, असे त्यांनी बजावले. कामगारकपातीचा प्रस्ताव आला, लांबलेला संप झाला. अखेर जून १९५० मध्ये किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांच्या जागी माग-कंपनीचे ताइझो इशिदा आले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकन सैन्याकडून ट्रकांची मागणी आली. कंपनी तरली. किइचिरो १९५२ साली वारले. आपल्या कंपनीची भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

दोरी ओढण्याचा हक्क

यानंतर जे घडले त्याने साऱ्या दुनियेच्या कारखानदारीची रीत बदलली. ताइची ओनो नावाचे एक अधिकारी टोयोडांच्याच सूत-कापड गिरणीतून मोटार कंपनीत आले होते. गिरणीत एक माणूस अनेक माग सांभाळतो, मग इथे एका यंत्रापाशी एक माणूस का उभा, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी मागाचा नियम मोटारीला लावला. गाड्या जोडण्याच्या रांगेत ज्या कामगाराला दोष दिसेल त्याने दोरी ओढायची. वर दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर रांग थांबते. साधा कामगार आख्खे काम थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याला कोणी बोल लावत नाही.

दुसरा नियम किइचिरो यांनी युद्धापूर्वीच मांडलेला होता: हवा तो भाग, हवा तेव्हा, हवा तितकाच. ओनो यांनी त्यासाठी चिठ्ठीची पद्धत बसवली. पुढच्या खात्याची चिठ्ठी आल्याशिवाय मागच्या खात्याने माल बनवायचा नाही. गोदामात पडलेला माल म्हणजे गोठलेली रक्कम, हे व्यापाऱ्याचे शहाणपण त्यांनी कारखान्यात आणले.

या पद्धतीची परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी आणि भांडणे यांसाठी तो बदनाम होता आणि १९८२ साली बंद पडला. १९८४ साली टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी तेच जुने ठेवले, त्यांच्या हाती फक्त ती दोरी दिली. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीचा झाला. तेव्हा कामगार वाईट होते की त्यांना वागवण्याची रीत, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

लोकांना ही गाडी का आवडते?

टोयोटाला यश सहज मिळाले असे नाही. १९५७ साली क्राउन ही मोटार अमेरिकेत पाठवली, तर तिथल्या वेगवान रस्त्यांवर तिचा दम पुरेना. काही वर्षांत ती परत घ्यावी लागली. कंपनी शिकली आणि १९६५ साली कोरोना ही दमदार गाडी घेऊन पुन्हा गेली. १९६६ साली कोरोला आली. २०२१ पर्यंत कोरोला या एका नावाने पाच कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. १९९७ साली पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी प्रियस आली, तेव्हा अशी गाडी मोठ्या संख्येने कोणीही बनवत नव्हते.

आपल्या देशात टोयोटाचा पहिला भागीदार एक कापडगिरणीवालाच होता. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या डीसीएम घराण्याने १९८० च्या दशकात टोयोटाबरोबर हलके ट्रक काढले. पुढे तो कारखाना कोरियाच्या देवू कंपनीकडे गेला. नंतर सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीतून नावारूपाला आलेल्या किर्लोस्कर घराण्याशी टोयोटाचे नाते जुळले. तिथेही आधी सूत आणि मग मोटार: १९९५ साली सूतकताईची यंत्रे बनवणारी कंपनी निघाली आणि १९९७ साली मोटारींची. २००० साली क्वालिस आली. जाणकारांनी तिच्या जुनाट चेहऱ्याला नावे ठेवली, पण टुरिस्ट गाड्यांच्या मालकांनी आणि मोठ्या कुटुंबांनी ती डोळे मिटून घेतली. २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली. या गाडीला जुन्या बाजारातही चांगला भाव येतो. गाडीवाल्याला सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन चालू होण्याची खात्री हवी असते. तो भरवसा या कंपनीने विकला. २०२४ साली तिने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना काढण्याचा करारही केला.

आपलाच नियम मोडला तेव्हा

तथापि केवळ तारीफ करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००८ साली टोयोटा जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली आणि लगेच ठोकर बसली. पायाखालच्या गालिच्यात आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये दोष निघाल्याने २००९-१० मध्ये लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. साकिची यांचे पणतू अकियो टोयोडा यांना अमेरिकेच्या संसद-समितीपुढे जाऊन माफी मागावी लागली. आपण फार वेगाने वाढलो, माणसे तयार करण्याचे काम मागे पडले, असे त्यांनी तिथे कबूल केले. दोषाबाबत लोकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली कंपनीने अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरले. २०२३ साली तिच्याच मालकीच्या दाइहात्सु कंपनीत सुरक्षेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे लबाडी झाल्याचे उघड झाले आणि जपानमधले तिचे कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. धागा तुटला होता, माग थांबला नाही. रेघ लांबत गेली.

धागा तुटलेला आपल्याही मागांवर रोज असतो. विणकराला तो दिसतो, पण माग थांबवला तर मीटर कमी भरतात आणि त्याची मजुरी कटते. जॉबरला दिसतो, तो गप्प बसतो. शेठला दिसतो, तो तागा घडीत आत दडवतो. शेवटी सुरत किंवा अहमदाबादच्या व्यापाऱ्याला तो दिसतो आणि पुढच्या वेळी तो दोन रुपये कमी भाव सांगतो. मग आपण म्हणतो की बाजार मंदा आहे.

नव्या एअरजेट मागांवर टोयोटाचेच नाव असते, कारण ती जुनी माग-कंपनी अजून माग बनवते. असे माग घ्यायला मोठे भांडवल लागते, ते सर्वांपाशी नाही. पण दोष दाखवणाऱ्या विणकराची मजुरी कापायची नाही, एवढा नियम करायला भांडवल लागत नाही. एका सुताराच्या मुलाने तेवढ्यावरून सुरुवात केली होती. आमच्या कारखानदार बंधूंनी निदान एका शेडमध्ये, एक महिना हा नियम लावून पाहावा आणि महिनाअखेरीस सेकंडचे तागे मोजावेत.