बिनपगारी राखणदार

लिनक्समधील लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. अनेक प्रोग्रॅमांनी सामायिक वापरावयाचा तयार कोड होय. दुरुस्ती कोणीही पाठवावी, सांभाळणाऱ्याने तपासून घ्यावी, असा तेथील रिवाज. चांगलाच आहे, पण तपासणारा एकटा नि थकलेला असेल तर? माहितीचा आकार घटविणाऱ्या ‘एक्सझेड’चे तेच झाले. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे २०२२ साली सांगूनही त्या गृहस्थामागचा तगादा सुटला नाही. गिरणीत अशा जागी बदली कामगार तरी मिळे! येथे ‘जिया टॅन’ या नावाने कोणी उपयुक्त दुरुस्त्या पाठवीत राहिला, विश्वासू ठरला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने आत चोरदरवाजा बसविला. लॉगिनला अर्धा सेकंद जादा का लागतो, या शंकेवरून मायक्रोसॉफ्टचे पगारी इंजिनियर अँड्रेस फ्रॉइंड यांनी मार्चमध्ये तो पकडला.