सर्पगंधा आणि रक्तदाबाची गोळी

ज्या विकाराला वेदना नाही, ज्वर नाही, इतरांस दाखविता येईल असे बाह्य लक्षणही बहुधा नाही, आणि तरीही जो वर्षानुवर्षे हृदय, मेंदू, मूत्रपिंड व दृष्टिपटल यांची मुकाट्याने हानी करीत राहतो, त्या उच्च रक्तदाबावर गेल्या पाऊणशे वर्षांत वैद्यकशास्त्राने बसविलेला अंमल हा मला विसाव्या शतकातील थोर मानवी पराक्रमांपैकी एक वाटतो. सकाळच्या चहानंतर घेतली जाणारी ती इवलीशी गोळी आपल्या घराघरांत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यावाचून माणसे कशी जगत व कशी मरत, याची कल्पनाही आज सहजासहजी करवत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या वैद्यकीय दप्तरातील नोंदी या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. १९३७ साली १६२/९८ असलेला त्यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ वर गेला, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले त्या दुपारी तो ३००/१९० इतका मोजला गेला. एवढ्या मोठ्या राष्ट्राचे वैद्यकशास्त्र ज्यांच्या दिमतीस होते, त्यांच्या चिकित्सकांपाशीही डिजिटॅलिस, फेनोबार्बिटल, अळणी आहार आणि विश्रांती यांपलीकडे देण्याजोगे फारसे काही नव्हते. इतरत्र शल्यचिकित्सक पाठीच्या कण्यालगतचे मज्जातंतू छेदून पाहत होते, तर ड्यूक विद्यापीठाचे वॉल्टर केम्पनर रुग्णांना मुख्यत्वे भात, फळे व साखर यांवरच ठेवीत होते. आणि वाढलेला दाब ही शरीराची निकडच असल्यामुळे तो उतरविणे घातक ठरेल, असे मानणाऱ्या प्रतिष्ठित डॉक्टरांची संख्याही लहान नव्हती.

याच सुमारास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे एका देशी मुळीचा रक्तदाबावरील परिणाम शिस्तीने नोंदवीत होते. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत आढळणारी सर्पगंधा आपल्या वैद्यकाला शतकानुशतके परिचित होती. सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि विशेषतः उन्मादावर तिचा वापर होत असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिच्या गुणाची ग्वाही दिली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून अल्कलॉइडे वेगळी केली. परंतु कोणत्या रुग्णाला, किती मुदतीत, कितपत उतार पडला, याचा पाश्चात्त्य विद्वत्सभेपुढे ठेवता येईल असा हिशेब वकिलांनी मांडला, त्यांचा के.ई.एम.मधील ५० रुग्णांवरील लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिकडच्या संशोधकांचे डोळे उघडले. १९५७ चे लास्कर पारितोषिक त्यांना लाभले ते याच कार्यासाठी, आणि या मुंबईकराचे नाव आज आपल्या तरुणांना क्वचितच ठाऊक असावे, ही मला खरोखर दुःखाची गोष्ट वाटते.

पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळीतून रेसर्पिन निराळे काढले गेले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेले नॉरॲड्रेनॅलिन ते रिते करते; त्यामुळे रक्तवाहिन्यांना आकुंचनाचे हुकूम पोहोचेनासे होतात आणि दाब उतरतो. मात्र तेच द्रव्य मेंदूतील साठेही रिते करीत असल्याने नाक चोंदणे, आळस, आणि काहींच्या बाबतीत, विशेषतः मोठ्या मात्रेत, घोर विषण्णता हे त्याचे मोल होते. म्हणूनच देशी म्हणून निरुपद्रवी, या समजुतीने आज सर्पगंधेचे चूर्ण परस्पर घेणाऱ्यांना मी कळकळीने थांबवीन. मुळागणिक द्रव्याचे प्रमाण बदलते आणि मात्रेचा भरवसा उरत नाही.

दाब उतरविल्याने आयुष्य वाचते काय, हा प्रश्न अद्याप शिल्लक होता. त्याचे निर्णायक उत्तर एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ साली दिले. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना रेसर्पिन, हायड्रॅलॅझिन व लघवी वाढविणारे थायाझाइड ही खरी औषधे, आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधाच्या गटात केवळ दोघांवर.

त्यानंतर औषधांची रीघच लागली: जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रानोलॉल, ब्राझीलच्या जराराका सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून घडलेले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले कॅप्टोप्रिल, पुढे लोसार्टन व टेल्मिसार्टन, आणि आपल्याकडे आज बहुधा सर्वाधिक परिचित असलेले ॲम्लोडिपिन. यांपैकी कोणतेही सर्वांना सारखे मानवत नाही. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, कॅप्टोप्रिलच्या कुळातील औषधांनी कोरडा खोकला जडतो, आणि ते कूळ व सार्टन कूळ ही दोन्ही गर्भवतीला वर्ज्य आहेत. खोकल्याची कैफियत डॉक्टरांच्या कानी घातली तर बहुधा औषध बदलून मिळते. पण आमची माणसे ती न घालता गोळीच टाकून देतात. आकडा १३०/८० आला म्हणजे बीपी बरे झाले, असे मानून कित्येक भाऊ-काका पुडके कपाटात ठेवून देतात. तो आकडा त्या गोळीच्या जोरावर आलेला असतो, आणि ती थांबली की दाब बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत पुन्हा चढतो. प्रोप्रानोलॉलच्या वर्गातील औषध एकाएकी तोडणे तर हृदयरोग्याच्या जिवावरही बेतू शकते.

या खंडाचाच बंदोबस्त करण्याची तजवीज म्हणून महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ पासून रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधे, सरकारी दवाखान्यात मोफत पुरवठा, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी त्याची रचना आहे. नेमल्या तारखेस जो आला नाही त्याचे नाव त्या नोंदींतून काढून त्याच्याशी संपर्क साधला जातो, आणि गोळी का चुकली हे त्यालाच विचारले जाते.