जलरंगांतल्या होड्या आणि होड्यांतली माणसे

चित्र पाहावयाचे ते रंगरेषांसाठी, असे जाणकार सांगतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. चित्र समोर आले, की त्यात राबते कोण, हे आम्ही आधी पाहतो. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराची जलरंगचित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

होमर १८३६ साली बोस्टनला जन्मला. तरुणपणी त्याने शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारी केली. पुढे साप्ताहिकांना चित्रे देऊन पोट भरले. १८७३ च्या उन्हाळ्यात तो ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात गेला आणि तेथे त्याने जलरंग प्रथमच मन लावून हाताळले. १८८० मध्ये तो पुन्हा तेथे गेला आणि बंदरातल्या टेन पाउंड बेटावर, दीपगृहाच्या रखवालदाराकडे राहिला.

शुद्ध जलरंगात कागदाचा कोरा भाग हाच उजेड. पहिल्या खेपेच्या चित्रांत होमर दाट पांढऱ्या रंगाचाही आधार घेतो. १८८० च्या सूर्यास्तांत मात्र तो पातळ रंग ओल्या कागदावर पसरू देतो; त्या लालीत शिडांची गलबते नुसत्या सावल्या होतात.

आता त्या सावल्यांतले जिणे पाहू. गलबतावर 'डोरी' नावाच्या सपाट बुडाच्या लहान होड्या रचलेल्या असत. भर समुद्रात एकेका डोरीत दोघे उतरून गळांच्या लांब दोऱ्या सोडीत. धुके दाटले की गलबत दिसेनासे होई आणि डोरी चुके. ठरीव पगार नव्हता. साधारणपणे निम्मे उत्पन्न गलबताच्या मालकाचे, उरलेल्यात खलाशांचे वाटे. म्हणजे जोखीम सगळ्यांची, पण जीव जाई तो खलाशाचा. ग्लॉस्टरला १९२५ साली उभारलेल्या खलाशाच्या पुतळ्यापाशी आज समुद्राने नेलेल्या पाच हजारांहून अधिक माणसांची नावे कोरलेली आहेत.

होमरच्या जलरंगांत हे मरण दिसत नाही. दिसतात ती डोरीत बसलेली पोरे आणि शांत पाणी. पण १८७३ च्याच एका तैलचित्रात एक मुलगा होडीवर बसून समुद्राकडे डोळे लावून आहे, शेजारी आई तान्हे घेऊन उभी आहे. बाप येतो आहे, असे चित्राचे नाव सांगते. हे चित्र पाहून जलरंगांकडे परत वळावे. मग लाल पाण्यावरच्या त्या सावल्यांत घरी परतणारी माणसे दिसू लागतात.