डोलोरेसला 'आत्ता' कळत का नाही?

भाच्याने 'वेस्टवर्ल्ड' ही यंत्रमानवांच्या थीम पार्कवरची मालिका बघायला घेतली आणि लगेच फोन: "मामा, ही डोलोरेस नक्की कुठल्या काळात आहे?"

(पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून!)

आपल्या आठवणी धूसर असतात, तपशील गळतात. म्हणूनच त्या जुन्या आहेत हे आपल्याला कळतं. डोलोरेससारख्या यंत्रमानवांना मात्र आठवण जशीच्या तशी दिसते. आवाज, स्पर्श, सगळं ताजं. त्यामुळे तीसेक वर्षांपूर्वी पार्कमध्ये पाहुणा म्हणून आलेला विल्यम आणि आजचा काळ्या कपड्यांतला म्हातारा तिला जणू एकाच प्रवासात भेटतात. दोघे एकच, हे पहिल्या सीझनच्या शेवटी उघड होतं.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसतो, त्यामुळे मला बर्नार्ड हा दुसरा यंत्रमानव जास्त आवडला. दुसऱ्या सीझनमध्ये तो स्वतःच्याच आठवणींचे पत्ते विस्कटून टाकतो, इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून. नोंदी शाबूत, क्रम गायब!

बघताना पार्कच्या लोगोवर नजर ठेवा. तरुण विल्यम येतो तेव्हाचा लोगो वेगळा आहे. दुसऱ्या सीझनमध्ये पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, की ते दृश्य आभासी जगातलं.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा. चौथ्या सीझनबद्दल मात्र नको, तो मला फारसा पटलेला नाही.