कारमध्ये पेट्रोलचा वास येतोय? चावी फिरवण्याआधी गाडीखाली बघा

कारमध्ये पेट्रोलचा वास आला, तर परफ्यूम लावून तो दाबू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. त्यामुळे एक ठिणगीही पुरेशी ठरते.

वास कधी येतो, यावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो:

- टाकी फुल्ल केल्यावर: झाकणाचे रबर किंवा वाफ शोषणारा कॅनिस्टर. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरू नका.
- मागच्या सीटजवळ: फ्युएल पंपाचे सील. अनेक गाड्यांत टाकी याच सीटखाली असते.
- ब्लोअर लावल्यावर: बोनेटखालचा पेट्रोलचा पाइप किंवा इंजेक्टरची ओ-रिंग.

झाकण घरी बदलता येते. मात्र, गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसले, तर इंजिन सुरू न करता गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्या.